टेबलावर एकच डबा

दारूगोळ्याच्या कारखान्यात शिरताना माणसाला आधी रिकामे करतात. काडेपेटी, बिडी, लायटर, आणि मोबाइल आल्यापासून मोबाइलही, सगळे गेटवर जमा. मग डेंजर बिल्डिंगपाशी कपडे बदलायचे. आतले कपडे सुती, बिनखिशाचे, धातूचे बटण नसलेले. दारात गुडघ्याएवढी आडभिंत असते. बाहेरचे बूट तिच्या अलीकडे काढायचे आणि पाय उचलून पलीकडे टाकायचा तो थेट आतल्या बुटांत. मग भिंतीवरच्या तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, म्हणजे अंगावर साठलेली वीज जमिनीत जाते. दारावर पाटी असते: आत माणसे जास्तीत जास्त इतकी, दारू जास्तीत जास्त इतकी. पाटीवर चार माणसे लिहिली असतील तर पाचवा, मग तो कितीही मोठा साहेब का असेना, आतला एक जण बाहेर येईपर्यंत उन्हात उभा राहतो. हे नव्या पोरांना सांगताना मला फार गोडी वाटे.

मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतला. भुसावळजवळचा हा कारखाना १९६२ च्या चीन युद्धानंतर उभा राहिला. काम छोट्या शस्त्रांच्या काडतुसांचे, एसएलआर रायफलची ७.६२ मिलिमीटरची आणि पुढे इन्सासची ५.५६ची. ‘डीबीडब्ल्यू’, म्हणजे डेंजर बिल्डिंग वर्कर म्हणून लागलो, चार्जमन म्हणून निवृत्त झालो. मधली सगळी वर्षे पुंगळी, कॅप (पुंगळीच्या बुडाची, दारू पेटवणारी टिकली), दारू आणि गोळी या चार वस्तू एकत्र आणण्यात गेली. त्यामुळे हेच काम कोणी आपल्या घरी, रात्रीच्या जेवणानंतर, हौस म्हणून करतो असे कोणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते. आपल्याकडे तसे करताही येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे, आणि स्फोटकांच्या परवान्यांचा कारभार नागपुरात मुख्यालय असलेली ‘पेसो’ पाहते. घरात दारू ठेवण्याची भाषा करणाऱ्या माणसाशी आमच्या गावात कोणी सोयरीक केली नसती.

मुलगा पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गच्या बाहेर राहतो. त्याच्या शेजारचे गृहस्थ टूलमेकर म्हणून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे, एकटे. आपला बाप कुठे नोकरीला होता हे मुलाने त्यांना कुंपणावरून सांगितले आणि त्या संध्याकाळी आमंत्रण आले. त्यांच्या तळघरात रीलोडिंगचे, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचे, टेबल होते.

सुनेला ते मुळीच पसंत नव्हते. “बाबा, जायचं तर जा, पण फार वेळ बसू नका. उडालं-बिडालं तर?” मी तिला म्हटले, त्यांच्या घरी नाही उडणार, आपल्या गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशीनशेजारी पेट्रोलचा डबा आहे त्याचे आधी बघ. तिला ती चेष्टा वाटली. मी चेष्टा करत नव्हतो. तळघरात उतरल्यावर मी सगळ्यात आधी पाणी तापवायची टाकी कुठे आहे ते पाहिले. तिकडच्या घरांत गॅसवर चालणारी मोठी टाकी असते, आणि जुन्या टाक्यांच्या तळाशी एक ज्योत चोवीस तास जळत असते. गृहस्थांच्या लक्षात आले मी काय शोधतोय ते. त्यांनी जिन्याकडे बोट केले. टाकी भिंतीपलीकडच्या खोलीत होती, मधे दार होते. मग आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो, आणि ओळख तिथेच झाली.

मी पाहुण्यांच्या व्हिसावर गेलेला. अशा परदेशी माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंद आहे, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडून. मुलाने हे मला विमानतळावरून घरी येतानाच बजावले होते, कारण त्याला बापाचे हात माहीत आहेत. म्हणून मी स्टुलावर बसायचो, हात मांडीवर. आयुष्यभर हे काम केलेल्या माणसाला ते नुसते पाहायला लावणे ही एक शिक्षाच आहे. पण एक खरे, हात बंद असले की डोळे जास्त काम करतात.

त्या देशात ही हौस इतकी पसरली त्यामागे सरकारी मालही आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर गरँड रायफलच्या काडतुसांसाठी बनवलेली ‘४८९५’ नावाची दारू ढिगाने उरली. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन यांनी ती विकत घेऊन हौशी नेमबाजांना किरकोळीत विकायला सुरुवात केली, आणि त्यातून मोठी कंपनी उभी राहिली. पितळेची पुंगळी एकदा उडवली की फेकून देण्यासारखी नसतेच. तिची जुनी कॅप काढायची, साच्यात दाबून ती मूळ मापावर आणायची, नवी कॅप बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची. पैसे वाचतात हे एक कारण. दुसरे असे, की स्वतःच्या बंदुकीला नेमकी कोणती मात्रा मानवते हे शोधून काढता येते. मला विचाराल तर तिसरे कारणच खरे. निवृत्त कारागिराला हाताला काम हवे असते.

आता दारूबद्दल. लोकांच्या मनात दारू म्हणजे दिवाळीतल्या फटाक्याची काळी दारू, सोरा, कोळसा आणि गंधकाची. ती वेगळी. तिला ठिणगी पुरते आणि मोकळ्यावरही ती डोळ्याचे पाते लवायच्या आत जळते. आजच्या काडतुसांतली दारू बिनधुराची, नायट्रोसेल्युलोजची. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ती १८८४ मध्ये बनवली. काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असते. आमच्या प्रशिक्षणाच्या वेळी इन्स्ट्रक्टरने मोकळ्या मैदानात सिमेंटच्या ओट्यावर चिमूटभर प्रोपेलंट ठेवून लांबून पेटवले होते. भस्सकन पिवळी ज्योत उठली आणि संपली. आवाज नाही, धक्का नाही. पोरे निराश झाली. मग तो म्हणाला, हीच दारू बंद जागेत असती तर तुमच्यापैकी कोणी निराश व्हायला उरले नसते. बिनधुराची दारू कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, त्याने दाब आणखी वाढतो. बंदूक याच गुणावर चालते आणि अपघातही याच गुणाने होतात.

हे ज्याला कळले त्याला गृहस्थांचे कपाट कळेल. त्यांनी दारूचे डबे ठेवायला लाकडी कपाट केले होते, इंचभर जाडीच्या फळ्यांचे, कडी साधी. माझी सून आली असती तर तिने विचारले असते, एवढी धोक्याची वस्तू आणि लोखंडी तिजोरी का नाही? नेमके तेच करायचे नसते. आग लागली तर लाकूड काही काळ उष्णता आत जाऊ देत नाही, आणि आतली दारू पेटलीच तर फळ्या लगेच उचकटतात, दाब कोंडत नाही. पोलादी तिजोरीत तीच दारू बॉम्ब होते. आमच्या डेंजर बिल्डिंग अशाच असत. भिंती भक्कम, भोवती मातीचा बांध, त्याला आम्ही ट्रॅव्हर्स म्हणायचो, पण छप्पर मुद्दाम हलके, म्हणजे जे काही व्हायचे ते वरच्या वर निघून जावे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेची ४९५ क्रमांकाची संहिता आहे. राहत्या घरात मूळ डब्यांमध्ये २० पौंडांपर्यंत बिनधुराची दारू ठेवता येते. २० च्या वर ५० पर्यंत असेल तर इंचभर जाडीच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात. कॅपा १०,००० पर्यंत. ठिकठिकाणचे नियम याहून कडकही असतात. गृहस्थांकडे २० पौंडांच्या खूपच खाली माल होता, तरी कपाट केले होते. त्यांनी दारावर आतून एक कागद चिकटवला होता, कोणता डबा केव्हा आणला, केव्हा उघडला. आमच्या मॅगझिनमधले, म्हणजे दारूच्या कोठारातले, लॉट कार्ड याहून वेगळे नसे.

मी गेलो तेव्हा हिवाळा होता. बाहेर बर्फ, घरात हीटर. हवा इतकी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला तरी झटका बसे. मला भुसावळचा मे महिना आठवला. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला, हवेत दमटपणाचा पत्ता नाही, आणि आम्ही सेक्शनमध्ये ओल्या पोछ्याने लादी पुसून घेतोय, भिंतीवरच्या यंत्रावर आर्द्रतेचा आकडा बघतोय. आकडा ठरलेल्या खुणेखाली गेला की काम थांबे. घाम निथळत असताना हवा कोरडी आहे म्हणून काम बंद, हे बाहेरच्या माणसाला पटायचे नाही. तळघरात आर्द्रतामापक नव्हता हे पाहून माझी बोटे वळवळली. पण गृहस्थांना विषय ठाऊक होता. दारूच्या दाण्यांना ग्रॅफाइटचा मुलामा असतो, तो वीज साठू देत नाही आणि दाणे घसरतेही राहतात. तरी ते बसल्याबरोबर आधी पुंगळ्या दाबायच्या लोखंडी प्रेसला हात लावत, प्रेसला तार लावून ती जमिनीत सोडली होती. प्लॅस्टिकच्या नरसाळ्याला दाणे चिकटू नयेत म्हणून ते कपडे सुकवायच्या यंत्रात टाकतात त्या कागदी रुमालाने पुसून घेत. दारू सांडली तर केरसुणी आणि सुपली. व्हॅक्यूम क्लीनर कधीच नाही, त्याच्या मोटरीत ठिणगी असते. तळघरात बिडी-सिगारेट नाही, खाणेपिणे नाही, आणि वर जाताना हात साबणाने धुवायचे, कारण कॅपच्या रसायनात आणि गोळ्यांमध्ये शिसे असते. कॉफी मिळे, पण ती वर स्वयंपाकघरात, काम आटोपल्यावर.

एवढे सगळे पाहूनही माझे मन पहिल्या दिवशी ठिणगीवरच अडकले होते. कारखान्याने मला तेच शिकवले होते, कारण कारखान्यात एका छपराखाली दारू असते ती क्विंटलांनी. तिथे ठिणगी म्हणजे सगळ्यांचा शेवट. घरच्या टेबलावर दारू असते मूठभर, आणि तिथला धोका वेगळ्या वाटेने येतो. तो टेबलावर फुटत नाही. तो काडतुसात शांतपणे जाऊन बसतो आणि महिन्याने, मैदानावर, माणसाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर बाहेर पडतो. हे समजायला मला दोन-तीन बैठका लागल्या.

पहिली गोष्ट ओळखीची. दारूच्या जाती अनेक, आणि जळण्याचा वेग प्रत्येकीचा निराळा. पिस्तुलाच्या लहान पुंगळीत झटकन जळणारी लागते, रायफलीच्या लांब पुंगळीत सावकाश जळणारी. पिस्तुलाची दारू रायफलीच्या मापाने भरली तर रायफल हातात राहत नाही. आणि या सगळ्या जाती दिसायला काळ्या-करड्या. कुणाच्या बारीक चकत्या, कुणाचे गोल दाणे, कुणाचे शेवयांच्या चुऱ्यासारखे तुकडे. दोन डब्यांतली रायफलीची दारू शेजारी शेजारी ओतली तर मीही ओळखू शकणार नाही. नावेही फसवी. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन निराळ्या दारू आहेत, आकडा तोच असला तरी एकीची मात्रा दुसरीला चालत नाही. उलट एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही नावे दोन, दारू एकच. म्हणून गृहस्थांचा एक कायदा होता: टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा हवा असेल तर पहिला बंद करून कपाटात, मगच दुसरा बाहेर. दारू मोजून टाकणाऱ्या मापकाच्या हॉपरमध्ये दारू ओतली की त्याच डब्याच्या नावाची चिठ्ठी हॉपरला लावायची. काम संपले की उरलेली दारू त्याच डब्यात परत, हॉपर रिकामा, चिठ्ठी फाडायची. रात्रभर हॉपरमध्ये दारू ठेवायची नाही. काही दारू प्लॅस्टिक खाते हे एक, पण मुख्य म्हणजे सकाळी ती कोणती होती हे आठवणीवर सोडावे लागते.

हे पाहताना मला आमचा सेक्शन आठवला, आणि थोडी लाजही वाटली. आम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. लाइनवर वर्षानुवर्षे एकच काडतूस आणि एकच दारू. चुकीचा डबा उचलायला दुसरा डबा नसायचाच. आमची सुरक्षितता आमच्या हुशारीतून आली होती असे मी समजत होतो. ती बरीचशी कारखान्याच्या रचनेतून आली होती.

दुसरी गोष्ट दुप्पट मात्रेची. अमेरिकेत दारू ग्रेनमध्ये तोलतात, एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. .३०-०६ रायफलीच्या पुंगळीत पन्नासच्या आसपास ग्रेन जातात, पुंगळी गळ्यापर्यंत भरते. तिच्यात चुकून दोनदा माप घातले तर दारू ओसंडून टेबलावर सांडते, चूक स्वतःच ओरडून सांगते. पण .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरची निशाणेबाजीची हलकी मात्रा तीन ग्रेनच्या आसपास असते. पुंगळीच्या तळाशी एवढीशी दारू. दुप्पट पडली, तिप्पट पडली, तरी वर गोळी आरामात बसते. जी मात्रा सगळ्यात लहान तीच सगळ्यात घातक, हे ऐकायला उलटे वाटते. आणि अजिबातच दारू पडली नाही तर? नुसत्या कॅपच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. बार झाला पण नीट झाला नाही असे वाटून माणसाने पुन्हा घोडा ओढला की दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फाटते.

कारखान्यात यावर यंत्र होते. लाइनवर प्रत्येक पुंगळीत एक कांडी उतरे, दारूची पातळी पाही, कमी-जास्त असेल तर पुंगळी बाजूला. मग वजन. मग डोळे. मग लॉटमधले नमुने काढून प्रूफला, वेग आणि दाब मोजायला, आणि वर क्वालिटीवाले साहेब वेगळेच, जे आमच्यावर विश्वास ठेवायचा पगार घेत नसत. तळघरात या सगळ्या खुर्च्यांवर एकच माणूस बसलेला. गृहस्थ पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या करायचे. रिकाम्या पुंगळ्या तोंड खाली, भरलेल्या तोंड वर. सगळ्या भरल्या की हातात टॉर्च घेऊन ते एकेक ओळ वरून पाहायचे. पन्नास पुंगळ्यांत पातळी सारखी दिसली पाहिजे. एक जरी उंच किंवा खोल वाटली तर ती रिकामी करून पुन्हा तोलायची, आणि शंका असेल तर पूर्ण ओळ. गोळी बसवायला त्यानंतर सुरुवात. पुस्तकात लिहिलेल्या कमाल मात्रेपासून ते कधीही सुरुवात करत नसत. दहा टक्के खालून सुरू, मग थोडी थोडी वर. तराजू दर वेळी आधी तपासणीच्या वजनांनी पाहिलेला.

दारू घालायची वेळ आली की ते बोलणे थांबवत. रेडिओ बंद, फोन वर. मी काही विचारायला तोंड उघडले की डावा तळहात वर करत. त्या वेळी मला ते जरा तुसडे वाटले. पण मी चार्जमन असताना सेक्शनमध्ये माझाही हाच खाक्या होता, आणि माझ्यामागे पोरे काय बोलत असतील ते मला तिथे बसून कळले.

एका रविवारी त्यांच्या नेमबाजीच्या क्लबातल्या मित्राची विधवा गाडीतून खोकी घेऊन आली. नवरा गेल्याला काही महिने झाले होते. घर विकायचे होते आणि तळघरातल्या सामानाला हात लावायची तिला भीती वाटत होती. सोबत तिचा भाचा, पंचविशीतला, उत्साही. खोक्यांत काय नव्हते! सीलबंद डबे होते, काही तर हर्क्युलिस या जुन्या नावाचे, जे १९९५ नंतर बदलले. हाताने लिहिलेल्या वह्या होत्या. प्लॅस्टिकच्या पेट्यांत शेकडो भरलेली काडतुसे होती, काहींवर मात्रेची चिठ्ठी, काहींवर नुसती तारीख. कॉफीचा एक डबा होता, त्यात अर्ध्यापर्यंत दारू, आणि बाहेर काहीच लिहिलेले नाही.

भाच्याने डबा हलवला, आत पाहिले आणि म्हणाला, ही नक्की ४८९५ आहे, मामा तीच वापरायचे. गृहस्थांनी त्याच्या हातातून डबा घेतला आणि फक्त मान हलवली. मला भाषांतराची गरज पडली नाही. लॉट कार्ड नसलेल्या मालाला कारखान्यात बाप नसतो. तो बर्निंग ग्राउंडला जातो. चांगली दारू वाया गेली तर जाऊ दे. गरीब घरातून आलेला मी, एक दाणाही फुकट घालवायचा नाही हे संस्कार घेऊन नोकरीला लागलो होतो. तो संस्कार दारूच्या बाबतीत आधी मोडावा लागतो.

एका मूळ डब्याचे झाकण उघडल्यावर आंबट, नाकाला झोंबणारा वास आला आणि आत दाण्यांवर विटकरी धूळ दिसली. चांगल्या दारूला किंचित ईथरसारखा वास येतो. नायट्रोसेल्युलोज वर्षांनुवर्षे मंदपणे विघटित होत असते. त्यातून निघणारा आम्लवायू शोषून घ्यायला तिच्यात डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरक घालतात. ते संपले की आम्ल दारूलाच खायला लागते, उष्णता वाढते, आणि असा साठा एखाद्या उन्हाळ्यात आपोआप पेटू शकतो. आमच्याकडे यासाठी साठ्यातल्या दारूचे नमुने ठरावीक काळाने तापवून, मिथाइल व्हायोलेटच्या कागदाचा रंग किती वेळात बदलतो ते पाहत. तळघरात प्रयोगशाळा म्हणजे नाक.

ही दोन्ही डब्यांतली दारू गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणातल्या हिरवळीवर पातळ विखुरली, मुठीमुठीने, जसे कांद्याच्या वाफ्यात युरिया टाकतात. नत्रच ते. मोकळ्या जागेत पातळ थर करून जाळतातही, पण वस्तीत आग लावता येत नाही. भरलेल्या काडतुसांपैकी एकही उडवायचे नाही असे ठरले, चिठ्ठी असलेलेसुद्धा. दुसऱ्याने भरलेले काडतूस म्हणजे त्याच्या त्या दिवशीच्या लक्षावर विश्वास, आणि तो माणूस तर आता विचारायला उरला नव्हता. पुढे कित्येक संध्याकाळी गृहस्थ त्या गोळ्या उपटून पुंगळ्या मोकळ्या करत बसले.

खोक्याच्या तळाशी मात्र एक काचेची बरणी निघाली आणि आम्ही दोघेही एकदम मागे सरलो. बरणीत सुट्या कॅपा, ओंजळभर. कॅप दुकानातून येते ती खाचा पाडलेल्या पेटीत, प्रत्येक एकमेकीपासून वेगळी. ते पॅकिंग दिखाऊ नसते. कॅपमधले रसायन नुसत्या धक्क्यानेही पेटते, आणि एक पेटली की शेजारच्या सगळ्यांना घेऊन जाते. मोकळ्या हवेत नुसती जळणारी दारू मला वेगळी आणि ही वेगळी. आमच्याकडे कॅप सेक्शन सगळ्यांपासून लांब असे, माल थोडा थोडा, जाड आडोशामागून, आणि तिथल्या कामगारांशी आम्ही दारूवालेसुद्धा जरा अदबीने बोलायचो. भाच्याने सुचवले, बरणीत पाणी ओतून कॅपा मारून टाकू. पाण्याने कॅप मरेलच याचा भरवसा नाही. वाळली की ती पुन्हा पेटू शकते. गृहस्थांनी बरणी जागची हलवली नाही. विधवेला आणि भाच्याला वर स्वयंपाकघरात पाठवले आणि अग्निशमन दलाला फोन केला. दोन माणसे आली, कोणाला दोष दिला नाही, बरणी घेऊन गेली. मी खिडकीशी उभा होतो. सुनेने त्यांची गाडी पाहिली होती, त्यामुळे घरी गेल्यावर मला बरेच काही ऐकावे लागले.

ज्याची ती बरणी होती तो माणूस निष्काळजी होता असे त्याच्या वह्या पाहून वाटत नव्हते. सुरुवातीच्या वह्यांत अक्षर सुरेख, प्रत्येक मात्रेपुढे तारीख, हवामान, निशाण्याचा चौकोनी नकाशा. शेवटच्या वहीत ओळी तिरक्या, मात्रेच्या जागा कोऱ्या. गृहस्थ ती वही बराच वेळ चाळत राहिले. त्यांनी मला विचारले, तुमच्या कारखान्यात एखाद्याचे लक्ष उडाले तर ते कोण ओळखायचे?

मी ओळखायचो. चार्जमनचे ते मुख्य काम. पाळीच्या सुरुवातीला कपडे बदलून पोरे रांगेत उभी राहिली की मी हजेरीच्या निमित्ताने तोंडे पाहायचो. कुणाची रात्र दवाखान्यात गेलीय, कुणाच्या घरी भाऊबंदकी पेटलीय, कुणाची आदल्या संध्याकाळची उतरली नाही. कारण विचारायचे नाही. “भाऊ, आज तू पॅकिंगला जा,” एवढेच. त्याला कळायचे, मलाही. आणि मग साठ वर्षे पूर्ण झाली की सरकार एक दिवस शाल-श्रीफळ देऊन आपल्यालाच गेटबाहेर काढते, हात चालत असोत वा नसोत. त्या वेळी मला ते फार लागले होते.

गृहस्थ म्हणाले, मला कोणी पॅकिंगला पाठवणारे नाही. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, हे मला तेव्हा कळले. टॉर्चच्या उजेडात पुंगळ्यांच्या ओळी पाहताना ते हल्ली डोके उजवीकडे कलते करत, ते मी सवय समजलो होतो.

पुढच्या वर्षी मुलाकडे गेलो तेव्हा एका डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. हँडल ओढले की एका दमात पाच कामे करणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस त्यांनी क्लबातल्या एका तरुणाला विकला होता. जुना सिंगल-स्टेज ठेवला, एका वेळी एका पुंगळीवर एकच काम. .३८ ची झटकन जळणारी दारू त्यांनी डब्यांसकट देऊन टाकली, रायफलीची एकच जात ठेवली, जी दुप्पट पडली तर सांडते. आता ते रात्री बसत नाहीत. सकाळी दहानंतर तळघराच्या खिडकीतून उजेड येतो तेव्हा बसतात, आणि मी तिथे असेन तर भरलेला ठोकळा त्यांच्यानंतर मी टॉर्चने पाहायचा असे ठरले आहे. मुलाने याची खात्री एका वकील मित्राकडून करून घेतली. पाहायला हरकत नाही म्हणाला, हात लावू नका.